हेळवाकमधला ‘ळ’: मराठी डोमेन नावांविषयीचे मागणीपत्र

कोयनानगर, ता. पाटण, जि. सातारा
२७ फेब्रुवारी २०२६

प्रति,
मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. मंत्री, मराठी भाषा विभाग, महाराष्ट्र राज्य
मा. मंत्री, इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान, भारत सरकार
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया (निक्सी)

विषय: मराठी डोमेन नावे आणि मराठी ईमेल पत्ते सर्व ठिकाणी चालावेत, तसेच इंटरनेटच्या कारभारात मराठी भाषकांना आपले म्हणणे मांडता यावे, याबाबत.

महोदय,

कोयना आणि कृष्णाकाठच्या गावांत ई-सेवा केंद्रे चालवणारे, शाळांत शिकवणारे, बचत गटांचे हिशेब ठेवणारे आणि पर्यटकांना घरी उतरवून घेणारे आम्ही लोक. पाटणपासून सांगलीपर्यंत आमच्या संघटनेचे सभासद आहेत. दिवसभर लोकांचे अर्ज भरून देणे हेच आमच्यापैकी बऱ्याच जणांचे काम, त्यामुळे कोणता अर्ज कुठे अडतो ते आम्हाला पाठ आहे. हे मागणीपत्र त्या अनुभवातून लिहिले आहे.

पावसाळ्यात कोयना धरणाचे सहा वक्र दरवाजे उचलले की खाली कऱ्हाडपासून सांगलीपर्यंत एकच प्रश्न असतो: किती सोडलंय? पायथा वीजगृहातून २,१०० क्युसेक जात असेल तर कोणी फारसे मनावर घेत नाही. दरवाजे उघडून आकडा वीस-तीस हजारांवर गेला की काठावरचा शेतकरी नदीवरच्या मोटारी काढायला धावतो. पुढे सांगलीत आयर्विन पुलाखाली पाणी ४० फुटांवर आले की इशारा, ४५ फुटांवर धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांवर गेले, आणि त्याच पुरात ब्रह्मनाळला नाव उलटून माणसे गेली. जनावरे कधी सोडायची, आजारी माणसाला कधी हलवायचे, हे इथे आकड्यावर ठरते.

दोन पावसाळ्यांपूर्वी आमच्या एका सभासदाने कृष्णाकाठच्या गावात ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून असे आकडे जिथे बघायला मिळतात त्या संकेतस्थळाचा पत्ता सांगायला घेतला. पत्ता इंग्रजी आद्याक्षरांचा. त्याने एकदा सांगितला, लोक म्हणाले परत सांगा. दुसऱ्यांदा सांगितला. तिसऱ्यांदा सांगताना मधली दोन अक्षरे त्याचीच उलटसुलट झाली. पारावर बसलेल्या एका आजीने विचारले, “बाळा, त्येला नाव न्हाई व्हय?” त्या रात्री गावाने आकडे बघितले ते व्हॉट्सॲपवर फिरत आलेल्या चित्रातून, आणि ते चित्र आदल्या दिवशीचे होते.

आमच्या सगळ्या मागण्या त्या आजींच्या प्रश्नातून निघाल्या आहेत.

इंटरनेटवरच्या नावांची व्यवस्था उभी राहिली तेव्हा तिच्यात सदतीस चिन्हे होती: रोमन लिपीची सव्वीस अक्षरे, दहा अंक आणि एक आडवी रेघ. जगातल्या बाकी लिप्यांनी त्यात बसायचे कसे, याचा तोडगा २००३ साली निघाला. देवनागरीत लिहिलेले नाव यंत्र आतल्या आत रोमन खुणांत बदलून घेते आणि माणसाला मात्र देवनागरीच दाखवते. आपले ‘.भारत’ हे शेपूट यंत्राच्या पोटात ‘एक्सएन--एच२बीआरजे९सी’ असे असते. २०१० मध्ये अरबी आणि सिरिलिक लिपीतली देशनामे सुरू झाली. रशियाच्या सिरिलिक नावांची नोंदणी बघता बघता लाखांत गेली. भारताला सात लिप्यांमधली नावे २०११ मध्ये मंजूर झाली आणि २७ ऑगस्ट २०१४ रोजी ‘.भारत’ लोकांसाठी खुले झाले. आता बावीसही अनुसूचित भाषांसाठी अशी नावे आहेत. देशाने हे मोठे काम केले आहे आणि त्यात आपल्या पुण्याच्या सी-डॅक या संगणक संशोधन संस्थेचा वाटा मोलाचा आहे. निक्सीने २०२१ मध्ये ‘.इन’ नाव घेणाऱ्याला देशी भाषेतले नाव मोफत देण्याची योजनाही काढली होती. म्हणजे दार बांधून झाले आहे, त्याला कडी-कोयंडाही बसला आहे. तरी लोक त्यातून ये-जा करत नाहीत. का करत नाहीत, ते आम्ही जवळून पाहिले आहे.

आमच्या भागातल्या एका महिला बचत गटाने नाचणीचे पदार्थ आणि मध विकण्यासाठी ‘.भारत’मध्ये मराठी नाव घेतले. त्याच नावावर मराठी ईमेल पत्ताही केला. गटाच्या अध्यक्षांना इंग्रजी वाचता येत नाही. पत्ता हाती आला तेव्हा त्यांनी तो स्वतः वाचला, कोणाच्या मदतीशिवाय, आणि पिशव्यांवर छापून घेतला. पुढच्याच महिन्यात एका योजनेचा अर्ज भरायचा होता. अर्ज मराठीत, सूचना मराठीत, मदतीचे पानही मराठीत. ईमेलच्या रकान्यात त्यांनी आपला मराठी पत्ता लिहिला आणि खाली लाल अक्षरांत ओळ उमटली: ‘कृपया वैध ईमेल पत्ता टाका.’ आमच्या सभासदाने तीनदा खटपट केली. पैसे स्वीकारण्याच्या एका सेवेतही तेच झाले, माल पोहोचवणाऱ्या एका कंपनीच्या अर्जातही तेच. शेवटी त्यांच्या मुलाचा इंग्रजी पत्ता घातला. आता गटाची पत्रे मुलाकडे जातात, आणि मुलगा पुण्याला नोकरीला असतो.

स्वतःच्या लिपीत लिहिलेला, रीतसर नोंदवलेला, पैसे भरलेला पत्ता ‘अवैध’ ठरतो, ही गोष्ट आम्हाला फार लागली.

यात न सुटणारी तांत्रिक अडचण कोणतीही नाही. देवनागरी पत्त्यावर ईमेल पाठवण्या-घेण्याचे आंतरराष्ट्रीय मानक २०१२ पासून ठरलेले आहे आणि जीमेल असे पत्ते २०१४ पासून ओळखते. अडतो तो अर्जातला रकाना. पत्त्यात फक्त रोमन अक्षरेच असणार, असा जुना नियम कोणीतरी कधीतरी लिहिलेला असतो आणि तो एका प्रकल्पातून दुसऱ्यात तसाच उचलला जातो. तो नियम बदलणे हे जाणत्या माणसाचे थोड्या वेळाचे काम आहे. म्हणून आमची सर्वांत तातडीची मागणी ही: राज्य शासनाच्या, महामंडळांच्या, जिल्हा परिषदांच्या आणि महापालिकांच्या प्रत्येक ऑनलाइन अर्जाने देवनागरी डोमेन नाव आणि देवनागरी ईमेल पत्ता स्वीकारलाच पाहिजे. नव्या कामाच्या निविदेत ही अट घालावी आणि मराठी पत्ता भरून चाचणी झाल्याशिवाय कंत्राटदाराचे बिल काढू नये. जुन्या अर्जांसाठी सहा महिन्यांची मुदत द्यावी. केंद्र सरकारने आणि निक्सीने २०२४ मध्ये ‘भाषानेट’ या नावाने याच सार्वत्रिक स्वीकाराचे काम हाती घेतले आहे. त्याची तपासणी तालुक्याच्या ठिकाणी, आमच्यासारख्या केंद्रांत बसून व्हावी. दिल्लीच्या सभागृहात सगळेच चालते.

राजस्थान सरकारने २०१७ मध्ये आपल्या नागरिकांना ‘राजस्थान.भारत’वर हिंदी ईमेल पत्ते मोफत द्यायला सुरुवात केली. महाराष्ट्राने १९६४ मध्ये राजभाषा अधिनियम केला. २०२२ मध्ये स्थानिक प्राधिकरणांनाही मराठीची सक्ती केली, २०२४ मध्ये मराठी भाषा धोरण आणले, आणि त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. एवढे सगळे असताना आमच्या तालुक्यातल्या शेतकऱ्याला स्वतःच्या नावाचा मराठी ईमेल पत्ता शासनाकडून मिळत नाही. तो मिळावा, मोफत मिळावा, आणि सातबारा, पीकविमा, नुकसानभरपाई यांची पत्रे त्यावर यावीत, ही आमची दुसरी मागणी आहे.

आता लिपीचे बोलतो. इथे थोडे थांबून ऐकावे, कारण वरून किरकोळ वाटणाऱ्या या गोष्टीत मराठीचे मराठीपण आहे.

कोयनानगरला लागून हेळवाक आहे. रोमन लिपीत ‘ळ’ला अक्षर नाही, म्हणून इंग्रजी पत्त्यात हेळवाकचे हेलवाक होते, वाळव्याचे वालवा आणि शिराळ्याचे शिराला. २०२१ च्या जुलैमध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे इथे दरडी कोसळल्या तेव्हा ढोकावळे हे नाव रोमन लिपीत वेगवेगळ्या स्पेलिंगांनी फिरत होते. मदत पाठवणाऱ्याला ही वेगवेगळी गावे की एकच, असा प्रश्न पडावा अशी ती स्थिती होती. देवनागरीत ढोकावळे एकच आहे.

पण देवनागरी घेतली म्हणून मराठीचे सगळे आपोआप सुरळीत होते असे नाही. ‘.भारत’ हे एकत्र कुटुंबाचे घर आहे. हिंदी, मराठी, कोंकणी, नेपाळी, मैथिली, बोडो, डोगरी आणि सिंधी अशा आठ भाषा त्यात नांदतात. प्रत्येकीची खोड वेगळी. आमची उदाहरणे घ्या. ‘कऱ्हाड’ हे नाव संगणकावर दोन तऱ्हांनी लिहिता येते. एका तऱ्हेत ऱ हे स्वतंत्र अक्षर, मग हलंत, मग ह. दुसऱ्या तऱ्हेत साधा र, हलंत, आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, यंत्राला मात्र ती वेगळी कळतात. ज्याला हा र साधत नाही तो रफार देऊन ‘कर्हाड’ लिहितो, ते तिसरेच. ‘ॲ’चेही तसेच: हे एकसंध चिन्ह युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधीपासून अ वर अर्धचंद्र देऊन लिहायची सवय आहे आणि ती आजही चालू आहे. डोळ्याला एक, यंत्राला दोन. उद्या कऱ्हाडच्या एखाद्या पतसंस्थेने एका तऱ्हेचे नाव घेतले आणि दुसऱ्या तऱ्हेचे नाव लबाडाने घेतले, तर ठेवीदाराने फरक कशावरून ओळखायचा? लहान अक्षरांत तर घ आणि ध, भ आणि म हेही चटकन सारखे वाटतात.

म्हणून ‘.भारत’मध्ये मराठीसाठी ळ, ऱ्य, ऱ्ह आणि ॲ यांचे नियम ठरवून, मराठीत, उदाहरणांसह प्रसिद्ध करावेत. एका रूपाची नोंदणी झाली की त्याची दिसायला सारखी रूपे त्याच मालकाला जोडावीत किंवा कायमची बंद ठेवावीत. सर्वोच्च स्तरावरच्या नावांसाठी आयकॅन या आंतरराष्ट्रीय संस्थेचे देवनागरीचे नियम २०१९ पासून आहेत. आम्ही मागतो आहोत ते आपल्या रोजच्या वापरातल्या नावांसाठी. हे ठरवताना राज्य मराठी विकास संस्था आणि भाषा संचालनालय यांना सोबत घ्यावे. कऱ्हाडचे यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, १९६० मध्ये, भाषा संचालनालय स्थापन झाले आणि कारभाराला मराठी शब्द मिळाले. आता कारभार जिथे गेला आहे तिथले पत्तेही त्याने मराठीत लावून द्यावेत.

गावांच्या नावांबद्दल आमची भूमिका स्पष्ट आहे. राज्यात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत. गावाचे नाव हे गावाचे आहे. ते पहिल्यांदा पैसे भरणाऱ्या दलालाचे होऊ नये. गावे, नद्या, धरणे, गड यांची मराठी नावे सार्वजनिक संस्थांसाठी राखून ठेवावीत. एकाच नावाची दोन गावे असतात हे आम्हाला ठाऊक आहे, पाटण गुजरातेतही आहे. त्यासाठी शासकीय नावांकरता असलेल्या ‘सरकार.भारत’खाली जिल्हावार मांडणी करावी. ‘पाटण.सातारा.सरकार.भारत’ हे कोणालाही तोंडी सांगता येते.

यातच एक विनंती आहे आणि ती आमच्या काळजाजवळची आहे. कोयना धरणाखाली जी गावे गेली, तिथली माणसे सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, रायगड, ठाणे अशी विखुरली. त्यांच्या पुनर्वसनाचे प्रश्न साठ वर्षांनंतरही मिटलेले नाहीत. इथल्याच मैदानावर त्यासाठी लोक ठिय्या देऊन बसले होते. त्या मूळ गावांची नावे आज संकलन नोंदवहीत, कुलदैवताच्या जत्रेत आणि म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात उरली आहेत. ती नावेही राखून ठेवावीत, आणि त्या त्या नावावर गावाची खातेदारांची यादी, जुने नकाशे, पुनर्वसनाचे आदेश लोकांना बघायला ठेवावेत. रायगडमध्ये वाढलेल्या नातवाला आजोबांच्या गावाचे नाव लिहून ते गाव सापडावे.

पुढची मागणी मुदतीची आहे. ‘.कॉम’सारखी नवी शेपटे मागण्याची आयकॅनची मागची फेरी २०१२ मध्ये झाली. पुढची फेरी यायला चौदा वर्षे लागली. तिचे अर्ज ३० एप्रिल ते १२ ऑगस्ट २०२६ या काळात घेतले जाणार आहेत. कातालान भाषकांनी आपल्या भाषेसाठी ‘.कॅट’ २००५ मध्ये मंजूर करून घेतले. ते कुठल्या देशाचे नाव नाही, एका भाषेचे आणि तिच्या संस्कृतीचे आहे. बास्क आणि ब्रेटन या भाषांनीही पुढे तेच केले. त्यांच्यापैकी कोणाहीपेक्षा मराठी बोलणारे कितीतरी जास्त आहेत. २०११ च्या जनगणनेत आपण ८ कोटी ३० लाख होतो. सातारा, बेळगाव, इंदूर, वडोदरा आणि परदेशातली मराठी मंडळे यांना एका नावाखाली आणणारे ‘.मराठी’ हे शेपूट महाराष्ट्र शासनाने मागावे. अर्जाचे शुल्क २ लाख २७ हजार डॉलर आहे, म्हणजे जवळपास दोन कोटी रुपये. पुढे ते चालवण्याचा खर्च वेगळा. एखाद्या गावाला किंवा मंडळाला हा भार पेलणारा नाही, राज्याला नक्कीच पेलेल. अर्ज राज्य मराठी विकास संस्थेसारख्या सार्वजनिक संस्थेच्या नावाने जावा आणि नावे ना नफा तत्त्वावर द्यावीत. १२ ऑगस्ट चुकली तर पुढची फेरी कधी, हे कोणाच्याच हाती नाही.

नावांचा हा जागतिक कारभार आयकॅन पाहते. १९९८ साली अमेरिकेत ही संस्था स्थापन झाली आणि ऑक्टोबर २०१६ पर्यंत तिच्या एका मुख्य कामावर अमेरिकन सरकारची देखरेख होती. आता सरकारे, कंपन्या, तंत्रज्ञ आणि सामान्य वापरकर्ते मिळून निर्णय घेतात, असे तिचे तत्त्व आहे. तत्त्व चांगले आहे. सामान्य वापरकर्त्यांसाठी तिथे वेगळे व्यासपीठ आहे आणि आमच्यासारख्या स्थानिक संघटनांना त्यात नाव नोंदवता येते. आम्ही ते नोंदवणार आहोत. पण तिथले मसुदे येतात इंग्रजीत, भाषांतरे होतात ती प्रामुख्याने संयुक्त राष्ट्रांच्या सहा भाषांत, आणि हरकतींची मुदत आठवड्यांची असते. भारत सरकारने निदान देवनागरी आणि भारतीय भाषांविषयीच्या मसुद्यांचे मराठी सार प्रसिद्ध करावे आणि मराठीत आलेल्या हरकती पुढे पोहोचवाव्यात. निक्सी दरवर्षी भारतीय इंटरनेट गव्हर्नन्स मंच भरवण्यात सहभागी असते. त्याची एक बैठक जिल्ह्याच्या ठिकाणी, मराठीत व्हावी. सातारा आणि सांगली दोन्हीकडे जागा आहे आणि बोलायला माणसे आहेत.

आम्हाला नेहमी दोन गोष्टी ऐकवल्या जातात, त्यांची उत्तरे इथेच देतो. पहिली: आता पत्ता कोण टाइप करतो, सगळे शोधूनच उघडतात. शोधून उघडतात हे खरे, आणि म्हणूनच फसतात. शोधल्यावर वर काय येईल ते अनेकदा जाहिरात देणारा ठरवतो. ग्राहक सेवेचे खोटे क्रमांक शोधून फसलेली माणसे आमच्या केंद्रांत रडत आलेली आहेत. भिंतीवरचा क्यूआर कोड माणसाला वाचता येत नाही, त्यावर दुसरा कोड चिकटवला तरी कळत नाही. वाचून, बोलून, पाठ करून खातरजमा करता येते ती फक्त नावाची. दुसरी: मराठी पत्त्याने बाहेरचे लोक तुटतील. एका पानाला दोन पत्ते लावता येतात, मराठी आणि इंग्रजी. नवज्याजवळचा ओझर्डे धबधबा पाहायला बंगळूरहून येणाऱ्याने इंग्रजी पत्त्याने यावे, पाटणच्या माणसाने मराठी पत्त्याने. पान एकच.

राज्याचा कारखाना आणि राज्याचा दिवा चालावा म्हणून या खोऱ्याने आपली जमीन पाण्याखाली दिली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप सोसला, आणि जमीन अजूनही अधूनमधून हलते. आम्ही त्याबद्दल उपकाराची भाषा करत नाही. पाणी सुटल्याची आणि जमीन हलल्याची अधिकृत बातमी आमच्या भाषेतल्या पत्त्यावर मिळावी, एवढा हक्क मात्र सांगतो.

कोयनेचे जलवर्ष १ जूनला सुरू होते. त्या दिवशी सकाळी ‘कोयना.सरकार.भारत’ हा पत्ता चालू करून द्यावा. त्यावर धरणातला पाणीसाठा, येणारे पाणी, सोडलेला विसर्ग आणि आयर्विन पुलाची पातळी ही माहिती मोठ्या मराठी अक्षरांत, वेळेच्या नोंदीसह असावी. पाऊस जोर धरण्याआधी आम्ही तो पत्ता नदीकाठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवून घेऊ आणि भोंग्यावरून सांगू. त्याचा खर्च आमचा. बाकीच्या मागण्यांवर ३१ मेपर्यंत लेखी उत्तर द्यावे, ही विनंती.

आपले,
कोयना-कृष्णाकाठच्या संघटनेचे सर्व सभासद